फुगडीपुरती जमीन

सुंदरा ठोंबरे हसायला लागली की कुंभिवलीच्या फाट्यावर रिक्षासाठी उभी असलेली माणसं मागे वळून बघतात, असं तिचा नवरा सहदेव सांगतो. फाटा तिच्या दारापासून बराच लांब. मध्ये एक ओढा, दोन गोदामं आणि धोंडीभाऊंची भाताची खाचरं. पण सहदेवची सगळी नोकरी पुठ्ठ्याच्या कारखान्यात, यंत्रांच्या धडधडाटात गेली. तेव्हा आवाजाच्या बाबतीत त्याचा शब्द आंबेमाळ गावात खाली पडत नाही.

ही सुंदरा अंगाने चांगली भरलेली, साठीला टेकलेली, आणि पाय मात्र कुणा दुसरीचे उसने आणल्यासारखे हलके. ती फुगडीला उभी राहिली की साडीचा घेर फुलायचा, हात ताणले गेल्यामुळे बांगड्या एकदम गप्प व्हायच्या आणि मग नुसता पावलांचा आवाज, सुपात हरभरे उडवावेत तसा. समोर कायम हिरू. खालच्या आळीतली हिरू म्हणजे उंच, हडकुळी, काठीला पातळ गुंडाळावं तशी. ‘एक जातं आन् एक खुंटा,’ असं गाव म्हणायचं. गौरी आल्या की या दोघींनी सुरुवात केल्याशिवाय दुसऱ्या बायका पदर खोचत नसत.

मुलाच्या, अक्षयच्या लग्नात सुंदराने दहिवलीच्या मांडवात मुलीच्या मावशीला फुगडीला ओढलं होतं. मावशी शिक्षिका. आधी नको नको म्हणाली, मग तिला रंग चढला, मग अंबाडा सुटला, आणि शेवटी हात सुटून ती बँडवाल्याच्या मोठ्या ढोलावर जाऊन बसली. ढोल फुटला नाही, पण वाजला. नवरीचे वडील हसून हसून खुर्चीवरून घसरले. नवरी सुरभी मुंडावळ्यांआडून सासूकडे बघत राहिली. आपण कुठल्या घरात चाललोय याचा पुरता अंदाज तिला तिथेच आला.

पण पुढच्याच वर्षी सुरभीचे ते हसरे वडील आडवे झाले. बीपी होतं, गोळ्या घ्यायचे नाहीत. एका सकाळी अर्धं अंग गेलं. तेव्हापासून सुरभीला बीपी या दोन अक्षरांची अशी धास्ती बसली की गोदामाच्या ऑफिसातून ती दुपारी फोन करून सासूला विचारायची, “आई, डोकं दुखत नाही ना?” आणि गेल्या श्रावणात आरोग्य उपकेंद्राच्या शिबिरात सुंदराचंच बीपी निघालं.

झालं. घरातलं मीठ वरच्या फळीवर गेलं, पापड माळ्यावर गेले, सुकट-जवळ्याचा डबा शेजारी गेला आणि सुंदरा खुर्चीत गेली. गौरीच्या दिवशी सुरभीने ती खुर्ची देवळापुढच्या काँक्रीटवर नेऊन ठेवली आणि म्हणाली, “आई, तुम्ही बसून टाळ्या वाजवा.”

“टाळ्या काय, मी हाताला चुना लावून तंबाखू बी मळंन. फुगडी घालू दे एक.”

“नाही म्हणजे नाही.”

हिरूला दुसऱ्या पाच-सहा जणींनी बोलावलं. तिने हात मागे बांधले. “दुसरीचा हात माझ्या हाताला लागत नाय,” म्हणाली आणि खुर्चीशेजारी उकिडवी बसली. दोघी टाळ्या वाजवत राहिल्या. सुंदराच्या आयुष्यातली ती सगळ्यांत लांब संध्याकाळ.

तशी ती फुगडी आधीपासूनच मरणाला टेकली होती म्हणा. पूर्वी दारोदार शेणाने सारवलेली अंगणं होती. मग गोदामांना आणि बंगलेवाल्यांना जमिनी गेल्या, हातात पैसा आला आणि पैसा आधी अंगणात उतरला. सुंदराच्या दारात गुळगुळीत लाद्या, हिरूच्या दारात लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक. लादीवर पाय सरकतो, ब्लॉकवर मुरगळतो आणि काँक्रीटवर टाचा भरून येतात. एक नवी सून लादीवरून घसरून माकडहाडावर बसली आणि बाकीच्या सुना मोबाइलवर दुसऱ्यांच्या फुगड्या बघण्यावर आल्या.

अशात गावच्या उपकेंद्रात आरोग्य अधिकारी म्हणून ईशानी मॅडम आल्या. कर्जतच्या भिसेगावातली मुलगी, आईवडील दोघं शिक्षक, वय इतकं कमी की पहिल्या दिवशी धोंडीभाऊंनी तिला विचारलं, “बाळ, मॅडम कधी येणार?” धोंडीभाऊ आरोग्य समितीचे अध्यक्ष. मॅडम आपणच आहोत हे तिने त्यांना सांगितलं, त्यांचं बीपी तपासलं, साखर तपासली आणि दोन्ही जास्त निघाल्यावर त्यांनी तिला पुन्हा कधी बाळ म्हटलं नाही.

ईशानीने उपकेंद्रात योगवर्ग सुरू केला. निळ्या सतरंज्या आल्या. वर्गाला तीन माणसं येत, तिघेही निवृत्त पुरुष, त्यात एक सहदेव. तो बाकीची आसनं बघायचा आणि शवासन करायचा. त्याचं घोरणं ऐकून औषध घ्यायला आलेली माणसं दारातूनच परत जात. बाई मात्र एकही फिरकेना. बायका उपकेंद्रात येत त्या नातवंडांना घेऊन. स्वतःचं काही म्हणून दाखवायला कोणी येत नसे.

तेवढ्यात वरून थोडे पैसे आले. अट अशी की ते औषधगोळ्यांवर घालायचे नाहीत. गावाला बरं वाटेल, गाव हिंडतंफिरतं राहील अशा कशावर तरी घालायचे, आणि ते काय हे गावाने ठरवायचं. ईशानीने सभा बोलावली. चहा ठेवला म्हणून माणसं आली, आणि माणसं आली म्हणून बायका आल्या.

“आपल्याला बरं कशाने वाटतं, तेवढं सांगा,” ईशानी म्हणाली.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुठं दुखतंय हे विचारणारे गावात पुष्कळ येऊन गेले होते. हा प्रश्न नवीन होता.

धोंडीभाऊ उठले. “मॅडम, कमान बांधू. लांबून दिसाया पायजे का इथं आरोग्य हाय.”

“आन् कमानीवर नाव कोनाचं?” मागून हिरू.

“समितीचं. अध्यक्षाचं आलं तर येईल ओघानं.”

“बाकडी टाका,” सहदेव म्हणाला. “शवासन झालं का जमिनीवरून उठवत नाय.”

सुंदरा गप्प होती. शेजारी सुरभी बसली होती, तिच्या मांडीला मांडी लागून. पण प्रश्न असा होता की गप्प राहिलं तर पोटात दुखलं असतं.

“मॅडम,” ती म्हणाली, “मला फुगडी घातली का बरं वाटतं.”

सगळी सभा हसण्यात फुटली. धोंडीभाऊंच्या चहाचा घोट नाकात गेला.

“हसता काय रं? खरं सांगाया बोलावलंय का खोटं? ह्या बायांना विचारा. हिरूला विचारा. घालायची कुठं पन? दारात लाद्या, वाटंवर डांबर, देवाफुडं काँक्रीट. सगळ्या गावात पायाखाली माती ऱ्हायली नाय. शेतात चिखोल, घरात फरशी. फुगडीपुरती जमीन द्या आमाला, मंग बरं वाटतंय का नाय ते बघा.”

आणि मग बायका बोलायला लागल्या. एकीला आठवलं की फुगडी घालून आलं की रात्री गाढ झोप लागायची. दुसरी म्हणाली, सासूवरचा सगळा राग फुगडीत निघायचा, आता तो भांड्यांवर निघतो. तिसरीने सांगितलं, गुडघे तेव्हा दुखतच नव्हते. तिची सासू तिथेच होती, ती म्हणाली, “तेव्हा तू वीस वर्साची हुतीस, गुडघं कशाला दुखतील?” ईशानी चहाचा कप हातात धरून ऐकत राहिली. यांतल्या बहुतेक बायका तिने उपकेंद्रात कधी पाहिल्याच नव्हत्या.

उपकेंद्राच्या मागे पत्र्याची शेड होती, अर्धी उडालेली. तिच्यात एक मोडकी खाट आणि लोकांच्या मोटरसायकली. ईशानी म्हणाली, “पत्रे नवीन घालू. तिन्ही बाजूंनी कठडा, दिवे, पंखे. आतली जमीन मातीची. ती तुम्ही करायची.”

“सरकारचा पैसा मातीत घालायचा?” धोंडीभाऊ कळवळले.

“तुमी पेरता तवा काय दगडात घालता?” हिरू म्हणाली, आणि कमान तिथेच कोसळली.

“पण एक,” ईशानी म्हणाली. “शेडमध्ये पाय ठेवायच्या आधी प्रत्येकीने बीपी, साखर आणि रक्त तपासून घ्यायचं. तपासणी नाही तर फुगडी नाही.”

सुरभीने विचारलं, “आणि आमच्या आईंचं काय?”

सगळ्यांच्या माना सुंदराकडे वळल्या. ईशानीने लगेच हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. “मावशी, गोळी रोज. मीठ कमी. संध्याकाळी ओढ्यापर्यंत चालायचं. गौरीच्या दिवशी मी स्वतः बीपी मोजीन. ठीक असलं तर जपून खेळायचं. नसलं तर खेळायचं नाही, आणि मला शिव्या द्यायच्या नाहीत.”

“शिव्या मनात दिल्या तर?”

“तर बीपी वाढेल.”

सुंदराने सुनेकडे पाहिलं. सुरभी म्हणाली, “मॅडम म्हणतील तसं.” आवाज असा, की मॅडम नाहीच म्हणतील याची तिने मनात व्यवस्था लावलेली असावी.

चैत्र संपता संपता पत्रे चढले आणि जमीन करायला बायका उतरल्या. अक्षयने मित्राचा टेंपो आणून तांबडी माती टाकली. आणि मग कळलं की कसं करायचं हे सगळ्यांना येतं आणि कोणालाच नीट आठवत नाही. एकीच्या माहेरी मातीत भाताचा तूस घालत, दुसरीच्या माहेरी राख, तिसरीची आजी म्हणे गुळाचं पाणी शिंपायची. “गुळाचं पानी घातलं तर मुंग्या फुगडी घालतील,” हिरू म्हणाली. शेवटी थोडं थोडं सगळंच घातलं, गूळ सोडून.

माती चोपून घट्ट करायची कशी, यावर तोडगा सुंदराने काढला आणि तोच बोकांडी बसला. म्हणाली, “वरच्या आळीनं त्या टोकाकडनं सुरू करा, खालच्या आळीनं ह्या टोकाकडनं. मधी भेटू.” सुरभीने तिला चोपणं हातात घेऊ दिलं नव्हतं, म्हणून ती पालथ्या घमेल्यावर बसून वरच्या आळीला हुकूम सोडत होती. पलीकडे खालच्या आळीची मुकादम हिरू.

दोन आळ्या समोरासमोर आल्या की आंबेमाळमध्ये आरतीचीसुद्धा शर्यत होते. इथे तर हातात चोपणी होती.

“ऐकू येतंय का गं खालच्या आळीला? जमीन चोपताय का भाकऱ्या थापताय?”

“भाकऱ्या तुमच्या! तुमच्यासारख्या, कडंला जाड आन् मधी कच्च्या!”

वरच्या आळीने ईर्ष्येने माती वाढवली. खालच्या आळीने ईर्ष्येने ठोके वाढवले. घामाच्या धारा, कुंकू नाकापर्यंत ओघळलेलं, लहान पोरं कठड्यावर बसून दोन्ही बाजूंना चिथावत होती. दुपारी दोन्ही फौजा शेडच्या मधोमध भेटल्या, चोपणी वर करून ओरडल्या आणि मग सगळ्यांनी खाली बघितलं.

मध्ये पायरी झाली होती. सरळ, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत, चांगली बोटभर उंच. वरची आळी वर, खालची आळी खाली.

“तुमी माती जास्त टाकली.”

“तुमी जास्त बडवली.”

“नाव काय उगंच पडलं होय? वरची ती वरच ऱ्हायची!”

भांडण रंगात यायच्या बेतात होतं, तेवढ्यात सुरभी सगळ्यांसाठी ताकाची कळशी घेऊन आली. तिची नजर सासूवर, की ही ओरडतेय किती. पायरीवर तिचा अंगठा अडकला, कळशी निसटली आणि ताक धोंडीभाऊंच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेलं. ते सरकारचा पैसा कुठे चाललाय ते बघायला नुकतेच आत आले होते. सदऱ्यावर कढीलिंबाचं एक पान चिकटून राहिलं.

धोंडीभाऊ खाली बघून म्हणाले, “मीठ कमी हाय.”

हिरू आधी हसली. मग सुंदरा. मग दोन्ही आळ्या हसत हसत त्याच पायरीवर बसल्या, आणि हसू संपल्यावर सगळी जमीन पुन्हा उकरायला घेतली. या खेपेला एका टोकाने, वरची एक आणि खालची एक अशा जोड्या लावून. सारवण झालं, वाळलं, पुन्हा सारवण झालं. सातव्या-आठव्या दिवशी ईशानी चप्पल काढून आत आली. एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि तिच्या तोंडून “अगं बाई!” निघून गेलं. पायाखालची जमीन गार होती.

मग बायका यायला लागल्या. दाराशी टेबल, टेबलावर बीपीचं मशीन. बोट टोचून घेताना “आई गं” करायच्या आणि आत जाऊन गरगर फिरायच्या. बऱ्याच जणींची साखर निघाली, ती घरी कोणालाच माहीत नव्हती. हिरूच्या अंगात रक्त फार कमी निघालं. म्हणूनच ती काठीसारखी आहे हे गावाला तेव्हा कळलं. तिला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दर संध्याकाळी शेड गजबजायची. सहदेवचा योगवर्ग सकाळी तिथेच भरू लागला, आणि सारवलेल्या जमिनीवर शवासन फारच चांगलं लागतं असा निर्वाळा त्याने दिला.

सुंदराला मात्र टाळ्याच. ती ओढ्यापर्यंत चालायची, परत यायची, कठड्यापाशी उभी राहून गाणी घालायची.

“मीठ नाय, सुकट नाय, पापड बी नाय गं,
माझ्या मेल्या पायाला तरी थांबा ठाव नाय गं!”

एकदा तिने शेजारणीकडून मूठभर जवळा आणून पिठाच्या डब्यात दडवला. चपात्यांनी चुगली केली. सुरभी नुसती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि तिचे डोळे भरले. सुंदराने मग तो जवळा स्वतः मांजराला घातला आणि मांजराला चार शिव्या दिल्या. खालापूरच्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. आषाढात आकडा उतरायला लागला. श्रावणात तर चांगलाच उतरला. पण भरवसा नव्हता. ईशानीसमोर मशीन लागलं की कधीकधी तो उगाच उडी मारायचा.

“मावशी, मशीन चालू असताना बोलायचं नाही,” ईशानी सांगायची.

“बोलते कुठं? तोंड शिवल्यागत बसलीये.”

“हे बोलणंच झालं.”

भाद्रपदात तेरड्याच्या गौरी घरोघर आल्या. सुंदराने पहाटे उठून गोळी घेतली, आळणी भाकरी खाल्ली आणि ठरवलं की आज चिडायचं नाही. अक्षयच्या पोराने दुधात चप्पल बुडवली तरी ती हसली. सहदेवने नवं धोतर उलटं नेसलं तरी बोलली नाही. दुपारी पावसाने उघडीप दिली आणि सगळं गाव शेडमध्ये लोटलं. सगळ्यांची तपासणी झाली. शेवटी सुंदरा टेबलापाशी बसली. हिरू पदर खोचून तिच्या मागे उभी.

पट्टा हाताला बसला. मशीन घुरघुरलं. शेडमधलं एक माणूस हलेना. आकडा आला, आणि ईशानीच्या चेहऱ्यावरूनच सुंदराला कळलं.

“पाच मिनिटं शांत बसा, मावशी. पुन्हा बघू.”

गावाला शांत बसवणं कोणाच्या बापाला जमलंय? कोणी म्हणालं पायावर गार पाणी ओता. कोणी म्हणालं डोळे मिटून देवाचं नाव घे. एकीने पदराने वारा घातला तो इतक्या जोरात की सुंदराचं गळ्यातलं उलटं झालं. पुन्हा पट्टा, पुन्हा घुरघुर. आकडा आणखी वर.

“ऱ्हाऊ दे गं,” हिरू हळूच म्हणाली. “पुढच्या साली.”

सुंदराने मान हलवली. पुढच्या साली आपण असू, हिरू असेल, पाय असेच असतील, हे सांगणारं मशीन अजून निघालेलं नाही. ती उठायला लागली. उठताना तिची नजर सुनेवर गेली. सुरभीचा जीव भांड्यात पडलेला असेल, असं तिला वाटलं होतं. तर सुरभी कपाळाला आठ्या घालून तिच्याकडे बघत होती, गोदामातला हिशोब जुळत नसल्यासारखी.

“आई, सकाळपासून तुम्ही बाबांना काहीच बोलला नाहीत?”

“शपथ सांगते, एक सबुद नाय. येवढं धोतर उलटं नेसलेत, तरी गिळलं.”

“मॅडम, तिथंच घोटाळा आहे,” सुरभी म्हणाली. “यांना गप्प बसवलं की यांचं चढतं. बाबा, जरा इकडे या.”

सहदेव पुरुषांमधून उठून आला.

“सकाळी नैवेद्याच्या ताटातल्या दोन करंज्या कमी कशा झाल्या, ते आईंना सांगा.”

सहदेव छताकडे बघायला लागला. “मांजर...”

“मांजर!” सुंदरा म्हणाली. “मांजराच्या मिशीला खोबरं लागलंवतं का तुमच्या? गौराय पाटावर बसली नाय आन् ह्यांनी हात मारला! बघितलंवतं मी, पाठमोरं उभं राहून खाताना कान हलतात ह्यांचे!” आणि बांध फुटला. करंज्यांवरून ती धोतरावर आली, धोतरावरून खोपोलीच्या बाजारात विसरलेल्या छत्रीवर, छत्रीवरून तिच्या धाकट्या भावाच्या लग्नावर, जिथे सहदेव वऱ्हाड सोडून भलत्याच मांडवात जेवून आला होता. तिथून मग थेट स्वतःच्या लग्नापर्यंत. ईशानीने पट्टा कधीच काढून ठेवला होता. हिरू मध्ये मध्ये आठवण करून देत होती, “आन् ती म्हस इकली ते?” “हां, आन् म्हस!” सहदेव मान खाली घालून उभा होता, पावसात उभ्या असलेल्या बैलासारखा, निवांत.

म्हशीपाशी सुंदरा थांबली. काही राहिलं का म्हणून तिने आठवून पाहिलं. नव्हतं. तिने एक मोठा श्वास सोडला, पाणी मागितलं, पाणी प्यायली आणि खुर्चीत मागे टेकली.

“आता बोलू नका,” ईशानी म्हणाली.

“आता काय ऱ्हायलंय बोलायला?”

आणि ती खरंच गप्प बसली. पुरती पाच मिनिटं. शेडच्या पत्र्यावरून पागोळ्यांचे थेंब पडत होते, तेवढाच आवाज. पट्टा लागला. मशीन घुरघुरलं. ईशानीने आकडा पाहिला, दुसऱ्या हाताला पट्टा बांधून पुन्हा पाहिला, आणि तिच्या गालाला खळी पडली.

“चालेल, मावशी. पण उभीच फुगडी, आणि हळू. धाप लागली की थांबायचं.”

मग जो काही कल्ला झाला तो काय सांगावा. “मंग मला उपकेंद्रातच ठेवा की,” सहदेव म्हणत होता, “गोळ्यांच्या कपाटात!”

हिरूने हात पुढे केले. सुंदराने धरले. दोघी सुरू झाल्या, इतक्या हळू की गाणं त्यांना टाकून पुढे गेलं. हिरूने उखाणा घातला :

“लाल गोळी खाते मी, पाणी पिते वरून,
जपून खेळू सये गं, पदर घे आवरून!”

पाय मात्र विसरले नव्हते. जमीन धरत होती आणि सोडत होती, जशी धरायला आणि सोडायला हवी तशी. कठडा फिरला, माणसं फिरली, धोंडीभाऊंची टोपी फिरली. मध्ये एकटं हिरूचं तोंड, दातांसकट स्थिर. सुंदराला थोडा दम लागला आणि तिने आपण होऊन पावलं आवरली. बायकांनी “आणखी, आणखी!” केलं, पण ती थांबली. हिरूचा घाम आपल्या पदराने पुसला. बाकीच्या जोड्या फेरात उतरल्या, कोणीतरी ईशानीलाही ओढून नेलं, आणि नको नको म्हणणारी तिची वेणी चक्रासारखी फिरू लागली.

थोडा दम खाऊन झाल्यावर सुंदरा पुन्हा उठली आणि कठड्यापाशी उभ्या असलेल्या सुनेसमोर जाऊन तिने हात पुढे केले.

“मला नाही येत, आई.”

“येयाला काय लागतं?”

“चक्कर येते मला.”

“चक्कर येते ती हिकडं तिकडं बघतात म्हणून. तू माझ्या तोंडाकडं बघ. बाकी फिरंल तर फिरू दे.”

सुरभीने चप्पल काढली. हात दिले, ते गार होते आणि घट्ट, माणूस पडू नये म्हणून धरावेत तसे. पहिल्या दोन गिरक्यांना ती सासूच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होती, लाली, घाम, काय ते. तिसऱ्या गिरकीला शोधायचं विसरली. तिच्या केसांतली पिन उडाली. ओठ आधी आवळलेले होते ते सुटले.

“आई, हळू!” ती ओरडली. “आई, हळू गं, हळू!”

सुंदरा हळूच होती. ओढ कोण घेतंय ते तिला मनगटात कळत होतं. तिने नुसती टाच रोवली आणि सुनेला फिरू दिलं.